रिकामी सीट

मास्तरांनी जुनी विकत घेतलेली गाडी तिसऱ्यांदा गॅरेजात आली, तेव्हा मिस्त्रीला नाक कापल्यासारखं झालं. मागचे दोन्ही शॉकअप त्यानेच नवेकोरे बसवले होते, अलाइनमेंटही दोनदा केलं होतं. तरी गाडी आपली उजवीकडेच ओढत होती. मशीनवर चढवून पाहिलं, तर मागची उजवी बाजू दोन बोटं खाली.

"मास्तर, अलाइनमेंट रिकाम्या गाडीचं करतात. मागे काय भरून आणलंय?"

"अहो, रिकामीच आहे. घेतल्यापासून मागे कोणी बसलेलंच नाही. आमची नात तर दार उघडते आणि म्हणते, आजोबा, इथे जागा नाहीये."

मिस्त्री पोट धरून हसला. हात पुसून त्याने मागचं दार उघडलं आणि रिकाम्या सीटपुढे कमरेत वाकून म्हणाला, "उतरा पाहुणे, मास्तरांचा पिच्छा सोडा! हवं तर आमच्या घरी जेवायला चला."

कुठेतरी कर्रर्र झालं आणि गाडी दोन बोटं वर आली. मशीनवरचे सगळे आकडे हिरवे झाले. मास्तर जे निघाले ते मागे वळूनही न बघता, आणि गाडी गेली बाणासारखी सरळ. "स्प्रिंग अडकली असेल, सुटली," असं मिस्त्रीने स्वतःलाच दोनदा सांगितलं.

दुपारी बायकोचा फोन आला, "पान वाढलंय, या लवकर."



मिस्त्रीने स्कूटरवर बसून किक मारली, तशी स्कूटर मागून हळूच आणखी दोन बोटं खाली बसली.