उजेडाची काटकसर

“दोरा काळा घातलाय तुम्ही, बाई. कापड निळं आहे,” गिऱ्हाईक म्हणालं. “आणि एवढ्या अंधारात बसता कशाला? एक दिवा जास्त लावला तर काय बिघडतं?”

“आत्याची सवय,” ती हसून म्हणाली आणि ब्लाउज उसवायला घेतला. पण हसू काही टिकलं नाही. महिन्यातली ही तिसरी चूक होती.

दुकान आत्याचं. आत्या गेल्यावर ते तिच्याकडे आलं, आणि दुकानाबरोबर काटकसरही आली. आत्या म्हणजे पक्की कवडीचुंबक. सख्खा भाऊ तिला हे तोंडावर म्हणायचा, आणि ती खुशाल हसायची. उसवलेला दोरासुद्धा ती रिळाला गुंडाळून ठेवायची. विरलेली कॉलर उलटी करून पुन्हा लावायची. पण तिचा खरा जीव अडकला होता विजेत. दिवस मावळला तरी गिऱ्हाईक दारात येईपर्यंत दिवा लागायचा नाही.

“आत्या, दिसत नाही गं!”

“बटणं निवडायला डोळे कशाला लागतात? दोन भोकांची इकडे, चार भोकांची तिकडे. बोटं काय नुसती मिरवायला दिलीत?”

टेपवरचे आकडे पुसट झाले तेव्हा भाचीला वाटलं, आता तरी नवी टेप येईल. कसलं काय! आत्यानं तिलाच बसवून प्रत्येक इंचावर दोऱ्याची एक गाठ घालून घेतली, पाचव्यावर दोन. जिन्यातला दिवा तर कायमचाच काढलेला. चौदा पायऱ्या, मोजून चढायच्या. “या घरात चोर शिरला तर बिचारा ठेचकाळूनच मरेल,” वडील म्हणायचे.

भाची चिडायची, रडायची, मैत्रिणींच्या लखलखीत घरांचा हेवा करायची. मग आत्या तिला कुशीत ओढायची. “रागाव हवं तेवढं. एकदा हाताला सवय लागू दे, मग मला विसरलीस तरी चालेल.”

विसरणं कुठलं? त्या कुशीत क्षणभर शिरायला मिळावं म्हणून आज तिनं काहीही दिलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. म्हातारे डॉक्टर बराच वेळ तपासत राहिले.

“चष्म्यानं भागेल ना?” तिनं विचारलं.

“नाही. पडद्याचा आजार आहे, जन्मापासूनचा. वर्षा-दोन वर्षांत नजर जाईल.”

“आणि दुकान? शिवणाचं दुकान आहे हो माझं. आत्यानं मागं ठेवलेलं तेवढंच आहे. ते बंद करावं लागेल?”

डॉक्टरांनी मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं.

“शिवणकाम करायच्या, त्या तुमच्या आत्या? मग तुम्ही पाच वर्षांच्या असताना त्याच तुम्हाला इथे घेऊन आल्या होत्या. मी तेव्हाच त्यांना सगळं सांगितलं होतं.”

“आत्याला? पण ती कधी काही बोलली नाही.”

“इथेही फारसं बोलल्या नाहीत. शिकवायला किती वर्षं आहेत, एवढंच विचारून गेल्या.”