शालूखालचा पट्टा

अजमानच्या चामड्याच्या दुकानात अस्मी एकेक पट्टा कमरेला बांधून बघत होती. लग्नात पट्ट्याला अडकवलेला इन्शुलिनचा पंप शालूखाली लपला पाहिजे आणि होमापाशी बसताना टोचता कामा नये.

"पिस्तूल लपवायला निघाल्यासारखी निवडतेस," होणाऱ्या सासूबाई, कावेरीकाकू, हसत म्हणाल्या. "वेदांगला सांगून ठेवते, बायकोशी जरा जपून बोल बाबा."

"काकू, प्लीज. फोटोत दिसला तर सगळे विचारणार."

"विचारू देत की."

अस्मी हसली नाही. तिनं सगळ्यांत पातळ, लोण्यासारख्या मऊ चामड्याचा पट्टा उचलला. "हा परफेक्ट आहे. कुण्णाला कळणार नाही."

काकूंनी तो हातात घेतला, अंगठ्यानं त्याची कड चाचपली आणि दुकानदाराला म्हणाल्या, "भैया, इसको सामने एक कडी लगा दो."

"कडी कशाला?"

काकूंनी पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढून सोडली. आत घुंगरं लावलेला, कमरेला खोचायचा चांदीचा छल्ला होता.

"माझ्या सासूबाईंनी मला दिलेला. आमच्याकडे नवी सून हा पदराबाहेर मिरवते," काकू तो पट्ट्यावर कडीच्या जागी धरत म्हणाल्या. "आता लपव बघू."