विमानाआधी बिजली

"सोडली, बाबा! आत्ता सोडली बिजली! टॅक्सी खाली उभी आहे, मी निघाले विमानतळावर!"

तिकडे फोनवर लेक ओरडली आणि इकडे, तीनशे किलोमीटरवर, चावीवाल्यानं दुकानाचं शटर धाडकन खाली ओढलं. एरवी गुडघे धरून चालणारा गडी तीन जिने असा चढला, की जिन्यालाच धाप लागली.

गच्चीवर शेजारीण आधीच छत्री उघडून बसली होती. "विमानाला पन्नास मिनिटं लागतात म्हणे. तुमचं पाखरू कसलं टिकतंय!"

"पन्नास मिनिटं नुसती हवेत हो! आधी रांग, मग तपासणी, मग बॅगेची वाट बघा, मग पुन्हा टॅक्सी. बिजलीला काय, पंख उघडले की निघाली!"

बिजली म्हणजे त्याची शेवटची कबुतरी. लग्न होऊन लेक त्या शहरात गेली, तेव्हा त्यानं ती सोबत दिली होती. "काही अडलं-नडलं तर सोडून दे. कुठूनही सोड, ती घरीच जाते." आणि चपळ इतकी, की तिची सावली तिच्या मागून पोचायची, तीही घामाघूम होऊन.

पैज सरळ होती. बिजली आधी आली, तर 'बाबा, माझ्याकडे राहायला या' हे पालुपद लेकीनं कायमचं बंद करायचं. लेक आधी आली, तर बाबानं दुकान आवरून तिच्याबरोबर निघायचं.

त्यानं खुराडं धुतलं, दाणे टाकले, पाणी भरलं. पाणी तापलं म्हणून पुन्हा बदललं. दिसेल त्या कावळ्याला "आली, आली!" झालं. एका घारीला तर दोघांनी टाळ्या वाजवून खाली बोलावलं.

दुपार कलली. डोक्यावरून विमान घरघरत गेलं.

"आली की हो तुमची लेक!"

"अजून बॅग यायची आहे तिची," तो खेकसला. पण नजर आकाशातून हलेना.

शेवटी जिन्यात धाडधाड पावलं वाजली. "जिंकले! बाबा, मी जिंकले!" लेक बॅगेसकट गच्चीत आली. रिकामं खुराडं दिसलं, बाबाचा चेहरा दिसला, आणि तिनं बॅग तिथंच खाली ठेवली. "पैज रद्द, बाबा. वारा उलटा असेल."

"ती कधी घर चुकली नाही गं," तो पुटपुटला. "ससाण्यानं तर..."

तेवढ्यात लेकीचा फोन वाजला. जावई होता. स्पीकरवरून त्याचा आवाज साऱ्या गच्चीभर घुमला. "अगं, बिजली इथंच आहे! आपल्या गॅलरीत, कुलरच्या मागं. दोन अंडी घातलीत तिनं. खालचा वॉचमन म्हणतो, तुझी टॅक्सी वळायच्या आत ती परत आली होती!"

मग चावीवाला असा हसला, की शेजारणीची छत्री हलली.

"म्हणजे ती तुझ्या आधी घरी पोचली! पैज मीच जिंकलो!"

"जिंकलात बुवा," शेजारीण म्हणाली. "मग काय, आता इथंच मुक्काम."

त्यानं खुराड्याचं दार लोटलं, खिशातून कानस काढली आणि लेकीपुढं हात पसरला.

"दे गं तुझ्या घराची चावी. माझी एक करून घेतो."