लपवलेलं वायफाय

शेजारीपाजारी आपलं वायफाय फुकटात वापरतात, या संशयाने अप्पांना जेवण गोड लागेना. शेवटी त्यांनी राऊटरच्या सेटिंगमध्ये शिरून त्याचं नावच लपवून टाकलं. आता नाव आणि पासवर्ड दोन्ही ज्याला तोंडपाठ, त्यालाच नेट. पुढचा महिनाभर अप्पा जिन्यात कॉलर ताठ करून फिरले.

मग जुना कॉम्प्युटर भंगारात गेला, नवा आला, आणि त्याला काही केल्या राऊटर सापडेना. अप्पांनी वायरी उपटून पुन्हा खोचल्या, राऊटर कपाटावर चढवून पाहिला. शेवटी नाक मुठीत धरून मेकॅनिकला बोलावलं.

"काका, नाव लपवलंय तर यादीत दिसेल कसं? ते टाइप करावं लागेल. काय ठेवलं होतं?"

"तेच आठवत नाही. कुणाला अंदाज येऊ नये म्हणून जरा अवघडच ठेवलं होतं."

"कुठे लिहून ठेवलंय का?"

"लिहिलं असतं तर कुणीतरी वाचलं नसतं का?" अप्पा करवादले. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "हिच्या कानात सांगून ठेवलंय. फक्त हिच्या. अगं, ऐकलंस का? आपल्या वायफायचं नाव सांग बघू."

बायको हात पुसत बाहेर आली.


"मला कुठलं लक्षात राहायला? थांबा, शेजारच्या वहिनींना विचारते. त्यांच्याकडे सगळ्यांना पाठ आहे."