पोशाखातला पेंढा

“काका, या फोटोतल्या गोरिलाच्या आत कोण असायचं हो?” मैत्रिणींनी पैज लावली म्हणून तिने जुने फोटो विकणाऱ्याला विचारलंच. मैत्रिणी दाराशी फिदीफिदी हसत होत्या.

“सिनेमात माणूस. जाहिरातीच्या फोटोत मात्र पोशाखात नुसता पेंढा भरायचे. दिव्यांच्या उकाड्यात माणूस घेरी येऊन पडायचा ना!”

जंगलपटांचे असले फोटो अख्ख्या शाळेत तिच्या एकटीकडेच होते. आई म्हणायची, “अभ्यासाच्या नावानं शंख, आणि घरभर माकडं!” बाबांनी तर सगळे फोटो रविवारी रद्दीत द्यायचं जाहीर केलं होतं.

घरी येऊन तिने नुकताच विकत घेतलेला गोरिलाचा फोटो खिडकीपाशी धरला आणि मुखवट्याच्या भोकावर भिंग नेलं. आत पेंढा नव्हता.

डोळा होता, ओलसर. त्यात एक खिडकी चमकत होती, तिच्याच खोलीची, तडा गेलेल्या काचेची. खिडकीपाशी भिंग धरलेली मुलगी उभी होती.

तिची छाती फुगली. इतक्या वर्षांत हे दुसऱ्या कुणाला दिसलं होतं?

“आई, बाबा, फोटो रद्दीत जाणार नाहीत,” ती ताठ मानेने म्हणाली. “यात मी आहे. आजपासून हा माझ्या उशाशी राहील. त्याला मी नीट दिसायला हवी.”