एकच काटा

"मिनिटकाटा हरवलाय, तेवढा बनवून द्या," असं म्हणत संग्रहालयाच्या गुर्जरबाईंनी पाचशे वर्षांपूर्वीचं जर्मन टेबलघड्याळ माझ्या पुढ्यात ठेवलं.

उघडलं आणि चक्रावलोच. आत एकही स्क्रू नाही, चाकांचा दात न् दात कानशीनं हातानं घासलेला. तबकडीवर प्रत्येक आकड्यापाशी बारीक उंचवटा, अंधारात बोटानं चाचपून वेळ कळावी म्हणून. एवढा विचार करणाऱ्या कारागिरानं मिनिटकाट्याला मात्र जागाच ठेवली नव्हती. चार दिवस भिंग लावून शोधलं. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतोय, पण हे काही कळेना.

पाचव्या दिवशी बाईंचाच फोन आला. "अहो, काटा हरवलेला नाहीच. तेव्हाच्या अशा घड्याळांना एकच काटा असायचा, तासाचा."

"मग माणसं वेळेवर पोचायची कशी?" मी वैतागून विचारलं.

"चारच्या सुमाराला या म्हटलं, की चारच्या सुमाराला यायची."

फोन ठेवला, पण घड्याळाचं झाकण लावायला मन होईना. नऊ वर्षांपूर्वी दवाखान्यात बायकोला सांगितलं होतं, चारला येतो. गिऱ्हाइकाच्या घड्याळाचा मिनिटकाटा बसवत राहिलो आणि चार वाजून सात मिनिटांनी पोचलो. ती चार वाजून दोन मिनिटांनी गेली होती. मधली पाच मिनिटं अजून डोक्यातून जात नाहीत.

डोळे मिटून तबकडीवर बोट फिरवलं. चारचा उंचवटा लागला. ती गेली तेव्हा काटा इथंच असता. मी पोचलो तेव्हाही इथंच.