तीस इंच नळी

निवडणुकीआधी परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा होत होत्या. बिरजूची पीक राखायची बंदूक फौजदारांनी टेपनं मोजली. “परवान्यात नळी तीस इंच, ही अठराच. नक्षल्यांसाठी कापली?” “तसं नाई, साहेब,” बिरजू म्हणाला. “नळीत चिखल होता. डुकरावर झाडली तं नळीचंच तोंड फाटलं, म्हनून कापली.” बंदुकांचा मिस्तरी म्हणून आलापल्लीहून मलाही बोलावलं होतं. त्याला सोडवायला मी खरं सांगितलं. “फाटलेली नळी यानं माह्याकडेच आणली होती, साहेब. मीच म्हटलं, कापायची तं कलेक्टरची परवानगी आण, नाई तं जेल होईल.” “म्हणजे याला कायदा ठाऊक होता,” म्हणत फौजदारांनी बेड्या घातल्या. बिरजूसोबत आलेली त्याची बायको बुधरी घराकडे पळाली. कापलेल्या तुकड्याची तिनं फुंकणी केली होती. ती आणून, पदरानं काजळी पुसून, तिनं बंदुकीच्या तोंडाला लावली. “आता मोजा ना, साहेब. तीसच भरते.”